वेळ दारापासून दारापर्यंत मोजा: चिपी–नांदेड–बिरसी विमानासाठी खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र शासनाचा विमानचालन विभाग, महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी आणि लहान शहरं विमानाने जोडण्याच्या केंद्राच्या उडान योजनेतले मार्ग ठरवणारे सर्व अधिकारी यांस

विषय: सिंधुदुर्ग (चिपी) ते गोंदिया (बिरसी) ही विमानसेवा नांदेडमार्गे सुरू करण्याबाबत

माननीय महोदय,

स. न. वि. वि.

मी जिल्हा परिषदेची प्राथमिक शिक्षिका आहे. माझं माहेर गोंदिया तालुक्यात, बिरसीच्या धावपट्टीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. नोकरी सिंधुदुर्गात, चिपीच्या सड्याखालच्या, म्हणजे कातळाच्या पठाराखालच्या एका गावात. माहेरच्या अंगणात धान वाळत घातलेलं असायचं आणि डोक्यावरून दिवसभर प्रशिक्षणाची लहान पांढरी विमानं घिरट्या घालायची. आता शाळेच्या पडवीतून सड्याकडे बघितलं की चिपीला उतरणारं विमान माडांच्या शेंड्यांवरून खाली येताना दिसतं. माझ्या आयुष्याच्या दोन्ही टोकांना एकेक विमानतळ आहे आणि दोन्ही घरापासून हाकेच्या अंतरावर. तरीही माहेरी पोचायला मला दीड ते दोन दिवस लागतात. हे पत्र त्यासाठी आहे.

2010 साली शिक्षणसेवक म्हणून मी इथे आले. जागा कोकणात रिकाम्या होत्या आणि नोकरी हवी असलेली मुलं विदर्भ-मराठवाड्यात होती. त्यामुळे सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या शाळांमधून तुम्हाला भंडारा, गोंदिया, यवतमाळ, नांदेड, लातूर इकडचे शिक्षक भेटतील. माझे यजमानही शिक्षक, ते साकोलीकडचे. आंतरजिल्हा बदलीसाठी आम्ही किती वेळा अर्ज भरला त्याची मोजदाद सोडून दिली. ते दुखणं वेगळ्या खात्याचं आहे, त्यावर इथे लिहीत नाही. कोकणाने आम्हाला आपलंसं केलंय, मुलं मालवणी बोलतात, माझ्या हातच्या आमटीला आता नारळाशिवाय चव लागत नाही. माझी तक्रार कोकणाशी नाहीच. वाटेत जो महाराष्ट्र पसरलाय तो ओलांडायची सोय नाही, एवढंच माझं म्हणणं.

दोन वर्षांपूर्वी चौथीच्या वर्गात नकाशा शिकवत होते. खिडकीतून विमानाचा आवाज आला तशी सगळी मुलं उठून पडवीत धावली. परत आल्यावर एका मुलाने विचारलं, "बाई, ह्या विमान तुमच्या गावाक जाता?" मी म्हटलं, नाही रे. मग तो म्हणाला, "मग तुमचा गाव किती लांब आसा?"

त्याला आकडा सांगण्याऐवजी मी कपाटातून शिवणाचा दोरा काढला. भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा मोठा आहे, त्याचं प्रमाण एका सेंटीमीटरला दहा किलोमीटर. एका मुलीने दोऱ्याचं टोक वेंगुर्ल्याच्या वर चिपीवर धरलं, दुसऱ्या मुलाला स्टुलावर उभं करून दुसरं टोक गोंदियाच्या वर बिरसीवर धरायला लावलं. दोरा ताणला, गाठ मारली, फुटपट्टीने मोजला. चौऱ्याण्णव सेंटीमीटर भरला. म्हणजे सुमारे 940 किलोमीटर. मुलांनी ते फळ्यावर लिहिलं. मी पुढे सांगितलं की चिपीसारख्या विमानतळावर येणारं पंख्याचं एटीआर विमान तासाला साधारण पाचशे किलोमीटर जातं. भागाकार त्यांनीच केला. दोन तासांच्या आत उत्तर आलं. स्टुलावरचा मुलगा खाली उतरलाच नव्हता. तो दोऱ्याखाली बोट फिरवत होता आणि एकदम म्हणाला, "बाई, दोरो नांदेडावरसून जाता हां!"

मी जवळ जाऊन पाहिलं. खरंच. चिपीहून निघालेला दोरा कोल्हापूरच्या अगदी लगतून जातो, तुळजापूर-धाराशिवच्या बाजूने लातूरजवळून सरकतो, नांदेडवर येतो, पुढे हिंगणघाट-उमरेडच्या टापूतून गोंदियाला पोचतो. इतकी वर्षं तो नकाशा शिकवतेय, पण हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. घरी येऊन मी अक्षांश-रेखांशांवरून हिशेब करून पाहिला. चिपी ते नांदेड हवाई अंतर सुमारे 535 किलोमीटर, नांदेड ते बिरसी सुमारे 405. बेरीज पुन्हा 940च. म्हणजे विमान नांदेडला उतरवलं तर वाट वाकडी करावी लागत नाही. या पत्रातली मागणी त्या मुलाच्या बोटाखाली सापडलेली आहे, म्हणून हे एवढं सविस्तर सांगितलं.

आता आम्ही कसे जातो ते सांगते. मुंबईला बसून विदर्भ आणि कोकण हे दोन वेगळे विषय वाटतात. आम्हाला ते एकाच प्रवासात ओलांडावे लागतात.

पहिला मार्ग कुडाळहून कोकण रेल्वेने ठाणं किंवा कल्याण, तिथून गाडी बदलून नागपूरमार्गे गोंदिया. रेल्वेचा हा फेरा तेराशे किलोमीटरच्या वर जातो, कारण आधी सरळ उत्तरेला जायचं, मग राज्याची सगळी रुंदी कापायची. मधे चार-सहा तास ठाण्याच्या नाहीतर कल्याणच्या फलाटावर. दुसरा मार्ग घाट चढून कोल्हापूर आणि तिथून महाराष्ट्र एक्स्प्रेस. कोल्हापूर ते गोंदिया हे हवाई अंतर सुमारे 820 किलोमीटर आहे. महाराष्ट्र एक्स्प्रेस मात्र मिरज, सातारा, पुणे, दौंड, अहिल्यानगर, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा, नागपूर असं करत 1346 किलोमीटर धावते आणि तिला सुमारे अठ्ठावीस तास लागतात. एवढा प्रवास करूनही ती राज्याबाहेर पाऊल टाकत नाही. या गाडीचे माझ्यावर उपकार आहेत. बाळंतपणाला मी तिनेच गेले आणि तान्ह्या मुलीला घेऊन तिनेच परत आले. पण अठ्ठावीस तासांच्या आधी कुडाळ ते कोल्हापूरचे चार तास आणि मधली वाट बघणं मिळवा. तिसरा पर्याय मडगाव-नागपूर या आठवड्यातून दोनदा धावणाऱ्या विशेष गाडीचा. तीही चोवीस तासांच्या वरच घेते आणि नागपूरला सोडते.

चौथा मार्ग विमानाचा. तुम्ही म्हणाल, शेजारी गोव्यात मोप्याला मोठा विमानतळ आहे, तिथून नागपूर गाठा. मी तेही केलंय, दोनदा. दुसऱ्या वेळी वही घेऊन बसले होते आणि प्रत्येक टप्प्याची वेळ लिहून ठेवली होती. घरून पहाटे साडेपाचला निघालो. भाड्याच्या गाडीने मोप्याला पोचायला पावणेदोन तास. तिथे सामान देणं, तपासणी, वाट बघणं, सव्वादोन तास. आकाशात दीड तास. नागपूरला सामान मिळून बाहेर पडायला चाळीस मिनिटं. विमानतळावरून स्टेशन, स्टेशनवर गाडीची वाट, मग नागपूर ते गोंदिया 130 किलोमीटर, तिथून रिक्षाने घर. आईने पाण्याचा तांब्या हातात दिला तेव्हा पावणेपाच वाजले होते. सव्वाअकरा तासांत विमान उडालं दीड तास. उरलेले पावणेदहा तास आम्ही जमिनीवर होतो, आणि त्यातले कितीतरी अशा रस्त्यांवर, ज्यांच्या दोन्ही टोकांना स्वतःची धावपट्टी आहे. आमच्या घराशेजारची धावपट्टी ओलांडून दुसऱ्या राज्यात जायचं आणि माहेरशेजारची धावपट्टी असताना 130 किलोमीटर आधी उतरायचं. वहीतला तो हिशेब बघून माझे यजमान बराच वेळ काही बोलले नाहीत.

म्हणून मी विनंती करते की प्रवासाचा वेळ धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंत मोजू नका, दारापासून दारापर्यंत मोजा. अंतर भागिले वेग ही चौथीच्या मुलांची रीत झाली. विमान सुटायच्या आधी किती वेळ जातो, उतरल्यावर पुढचं वाहन कधी मिळतं, जोडविमान चुकलं तर रात्र कुठे काढायची, हे त्या भागाकारात येत नाही. चिपीहून गोंदियाला "मुंबईमार्गे जाता येतं" किंवा "हैदराबादमार्गे जाता येतं" असं कागदावर लिहिता येतं. तो मार्ग साठी ओलांडलेल्या माणसाने, दोन पिशव्या आणि एक काठी घेऊन, एका दिवसात करून दाखवावा.

एका डिसेंबरात पहाटे पावणेसहाला भावाचा फोन आला. बाबा रात्री झोपेतच गेले होते. पहिली काही मिनिटं मी नुसती ऐकत होते. मग त्याने विचारलं, "ताई, किती वाजेपर्यंत पोचशील?"

हा प्रश्न कुठल्याही भावाने बहिणीला विचारावा असाच आहे. मला त्याचं उत्तर वाजण्यात देता आलं नाही. यजमानांनी गोव्याहून नागपूरची चौकशी केली, त्या दिवशी जागा नव्हती. मुंबईमार्गे दोन विमानं बदलून जायचं तर नागपुरातच रात्र होणार होती, आणि घरी वडीलधारी मंडळी सूर्यास्ताच्या आत उरकायचं म्हणत होती. भाऊ थांबायला तयार होता. त्याने थांबून तरी काय उपयोग झाला असता? मी म्हटलं, "उद्या पोचेन. संध्याकाळी." तो एवढंच म्हणाला, "बरं ताई."

मिळेल त्या गाडीने ठाणं, तिथे रात्री फलाटावर, मग आरक्षण नसलेल्या डब्यात नागपूर, तिथून गोंदिया. दोन मुलं सोबत. दारात पोचले तेव्हा घरातून निघून तेहतीस तास झाले होते. अंगणात बाबांची खाट उभी करून ठेवलेली होती. तिसऱ्या दिवशी राख सावडायला मी होते. त्याच वेळी डोक्यावरून प्रशिक्षणाचं एक विमान गेलं. बाबा दर वेळी मान वर करून त्यांच्याकडे बघायचे आणि फोनवर विचारायचे, "यातलं एखादं तिकडं येत नाही का वो बाई?" त्यांना ती विमानं कशाची हे चांगलं माहीत होतं. तरी विचारायचे.

हे तुमच्यावर दोष टाकायला लिहिलेलं नाही. तेव्हा विमान असतं तरी त्या दिवशीच असतं असंही नाही. पण आठवड्यातून तीन दिवस जरी असतं, तर बाबांच्या शेवटच्या दोन वर्षांत मी चार वेळा जास्त गेले असते, हे मात्र नक्की. तब्येत बरी नसल्याचं कळलं की शनिवार-रविवारला जोडून एक किरकोळ रजा टाकायची आणि जाऊन यायचं, इतकं साधं ते झालं असतं. आज तीन दिवसांची सुट्टी घेतली तर ती सगळी गाडीतच संपते. म्हणून आम्ही फक्त दिवाळीत आणि मे महिन्यात जातो. आजारपण काही दिवाळी-मे बघून येत नाही.

बाबांशी संध्याकाळी बोलणं व्हायचं तेव्हा एक गोष्ट नेहमी जाणवायची. ते म्हणायचे दिवे लावले, आणि माझ्याकडे सूर्य अजून समुद्रावर असायचा. गोंदिया आणि चिपी यांच्या रेखांशांत पावणेसात अंशांचा फरक आहे, त्यामुळे तिकडे सूर्य साधारण सत्तावीस मिनिटं आधी उगवतो-मावळतो, ऋतूप्रमाणे थोडं कमी-जास्त. एकाच राज्यातले हे दोन जिल्हे, आणि दोघांचा जन्मदिवसही एकच. सिंधुदुर्ग 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून निघाला, गोंदिया 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून. दर महाराष्ट्र दिनाला झेंडावंदन करताना मुलांना मी हे सांगते.

आता तुमच्या खात्याच्या भाषेत बोलते.

विमानतळ बांधायचे बाकी नाहीत. बिरसीची धावपट्टी मुळात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी केलेली, नंतर वाढवून सव्वादोन किलोमीटरहून लांब झाली. मार्च 2022 मध्ये तिथून इंदूर आणि हैदराबादसाठी प्रवासी विमान सुरू झालं आणि काही महिन्यांत बंद पडलं. 1 डिसेंबर 2023 पासून हैदराबादमार्गे तिरुपतीला विमान सुरू झालं, त्या दिवशी गावातले लोक कुंपणापाशी जाऊन उभे होते. चिपीचा विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झाला, धावपट्टी अडीच किलोमीटरची. मुंबईचं विमान उडान योजनेत तीन वर्षं चाललं, अनुदानाची मुदत सरली आणि ते थांबलं. दोन्ही ठिकाणी लोकांनी जमिनी दिल्यात. बिरसीला धानाच्या बांध्या गेल्या, इथे सड्यावरची काजूची कलमं आणि गुरं चरायची जागा गेली. ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरातल्या माणसांना त्या धावपट्टीचा उपयोग व्हावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

नांदेडचं तर उडान योजनेशी पहिल्या दिवसापासूनचं नातं आहे. 27 एप्रिल 2017 रोजी पंतप्रधानांनी शिमला-दिल्ली विमानाला झेंडा दाखवला, त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद सेवाही सुरू झाली. त्या नांदेडला धरूनच मार्ग आखा असं माझं म्हणणं आहे.

सलग 940 किलोमीटरचं विमान मी मागत नाही, कारण मला माहीत आहे की रोज सत्तर माणसं गोंदियाहून सिंधुदुर्गला जाणार नाहीत. मी एस.टी.च्या रीतीने विचार करायला सांगतेय. एस.टी. सहा किलोमीटरचा एक टप्पा धरते. पणजीहून नागपूरकडे निघालेली गाडी पणजीची माणसं नागपूरला नेण्यावर चालत नाही. सावंतवाडीचा माणूस कोल्हापूरला उतरतो, तिथून सोलापूरचा चढतो, सोलापूरहून तुळजापूरचा. प्रत्येक टप्प्याला कुणी उतरतं, कुणी चढतं, आणि गाडी भरलेली राहते. अगदी टोकापासून टोकापर्यंत जाणारे पाच-सातच असतात, पण त्यांच्यासाठी ती गाडी म्हणजे सगळं काही असतं. विमानाला हेच लावून बघा. चिपी-नांदेड 535 किलोमीटर, पंख्याच्या विमानाला उड्डाण-उतरणं धरून सव्वा ते दीड तास. नांदेडला अर्धा तास थांबा. नांदेड-बिरसी 405 किलोमीटर, एक तास आणि वर दहा मिनिटं. सगळं मिळून सव्वातीन तास म्हणू. माझ्या घरापासून चिपी अर्धा तास, सुटण्याआधीचा दीड तास, उतरल्यावर माहेर पंधरा मिनिटं. दारापासून दारापर्यंत साडेपाच तास. तेहतीसच्या जागी साडेपाच.

हे दोन्ही टप्पे सहाशे किलोमीटरच्या आत बसतात, याकडे मुद्दाम लक्ष वेधते. उडान योजनेतलं तूट भरून काढण्याचं अनुदान लांबीप्रमाणे मिळतं आणि 2023च्या फेरीत लांबीची मर्यादा उठवली तरी अनुदान सहाशे किलोमीटरपर्यंतच धरलं गेलं. सलग विमानाला जे पूर्ण लागू होणार नाही, ते नांदेडवर तोडलेल्या दोन्ही टप्प्यांना पूर्ण लागू होईल. मार्ग कुठला घ्यायचा हे विमान कंपन्या बोलीत सुचवतात, हे मला समजतं. कंपनी भरलेली जागा बघणार, त्यात तिची चूक नाही. पण या अनुदानातला वीस टक्के वाटा राज्य सरकारचा असतो, अशा विमानतळांवरच्या इंधनाचा कर राज्यच कमी करतं, पोलीस आणि अग्निशमन राज्यच पुरवतं. ज्याचे पैसे त्याने मार्ग सुचवायला काय हरकत आहे? कंपनीला मुंबई-हैदराबाद-बेंगळुरूच सुचणार. राज्याची दोन टोकं जोडायचं राज्यालाच सुचायला हवं.

माणसं कुठली मिळतील? शिक्षकांचं सांगितलंच. पोलीस, वनखातं, महावितरण, बँका, तलाठी, नर्सेस, सगळीकडे इकडची माणसं तिकडे आहेत. नांदेड-लातूर-परभणीची कुटुंबं डिसेंबरात आणि मे महिन्यात मालवण-तारकर्लीला रात्रभर गाड्या चालवत येतात. आमच्या गावातल्या घरगुती निवासांच्या अंगणात त्या गाड्या उभ्या असतात आणि ड्रायव्हर दुपारपर्यंत झोपलेला असतो. नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला येणारा भाविक देशभरातला आहे, त्यातल्या काहींना पुढे समुद्र बघायचा असतो. बिरसीला फक्त गोंदियाचा विमानतळ समजू नका. मध्य प्रदेशचं बालाघाट जवळ आहे, छत्तीसगडचं डोंगरगड-राजनांदगाव फार लांब नाही. तिथल्या माणसाला समुद्र फार लांब पडतो. उलट बाजूने कोकणातल्या माणसाने नवेगावबांध, नागझिरा बघितलेलं नसतं. धानाच्या शेतात उभे राहणारे सारस पक्षी महाराष्ट्रात बघायचे तर गोंदियाकडेच जावं लागतं. माझ्या शेजारच्या काकी सत्तरीच्या आहेत, त्यांनी वाघ पाहिला नाही आणि माझ्या आईने समुद्र पाहिला नाही. दोघी फोनवर एकमेकींशी बोलतात.

आणखी दोन गोष्टी, लहान पण महत्त्वाच्या. विमान ज्या वेळी उतरेल त्या वेळी विमानतळाच्या दारात एस.टी. उभी हवी. चिपीहून कुडाळ स्टेशन पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे, बिरसीहून गोंदिया बारा. आमची घरं जवळ आहेत म्हणून आमचं भागेल, पण देवरी-अर्जुनी मोरगावच्या किंवा कणकवली-देवगडच्या माणसाला तीनशे-चारशे रुपयांची रिक्षा नाही परवडत. दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. पावसाळ्यात चिपीच्या सड्यावर सकाळी ढग टेकलेले असतात, आणि डिसेंबर-जानेवारीत गोंदियाच्या तलावांवरून धुकं उठतं ते नऊ-दहापर्यंत हलत नाही. दोन्हीकडे दुपार मोकळी असते. चिपीहून अकराच्या पुढे निघालं तर बिरसीला उजेडात उतरता येईल आणि मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत फिरता येईल. हे आम्हा दोन्हीकडच्या गावकऱ्यांना आभाळ बघून कळतं. वेळा ठरवताना आम्हाला विचारलंत तर बरं होईल.

मागणी तीन वर्षांसाठीच करतेय. आठवड्यातून तीन दिवस, एक सत्तर आसनी विमान, चिपी-नांदेड-बिरसी आणि परत, एकच तिकीट, नांदेडला सामान उतरवावं न लागता. तीन वर्षांनी आकडे बघा. मात्र आकडे बघताना एक कराल का? प्रवाशाला उतरल्यावर एकच प्रश्न विचारा: घरून किती वाजता निघालात आणि याआधी याच प्रवासाला किती वेळ लागायचा? ते उत्तर तिकिटाच्या पैशांशेजारी लिहा.

तो दोरा मी टाकला नाही. गाठीसकट माझ्या टेबलाच्या खणात आहे. पत्रासोबत पाठवायचा विचार होता, पण मुलं नाही म्हणाली, त्यांना पुढच्या वर्गाला दाखवायचा आहे. म्हणून त्यांनी नकाशाचा एक फोटो काढून दिलाय, त्यात स्टुलावरच्या मुलाचं बोट नांदेडवर आहे. तो जोडला आहे.

आई या दिवाळीनंतर पहिल्यांदा माझ्याकडे यायचं म्हणतेय. तिचे गुडघे धरलेत, जिने चढवत नाहीत आणि कल्याणचा पूल तिला जमणार नाही. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी सकाळी आठला उघडतं. तुमच्याकडून त्याआधी काही कळलं तर मी थांबेन. नाही कळलं तर त्या सकाळी आठला मी नेहमीसारखी फोन घेऊन बसेन, दोन खालच्या बर्थसाठी.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका
माहेर बिरसी परिसर, जिल्हा गोंदिया
सध्या परुळे-चिपी परिसर, जिल्हा सिंधुदुर्ग